बोटानं सांगितलेलं नाव

सदाशिव पेठ, पुणे २
ता. ११ जानेवारी १९५९

विहीणबाईंना कुसुम उकिडवे हिचा नमस्कार.

दीड वर्षानं लिहिते आहे म्हणजे काहीतरी काम असणार, हे तुम्ही ओळखलंच असेल. काम आहे. 'सहज आठवण झाली' असं लिहून मी तुम्हाला फसवणार नाही आणि तुम्ही फसणारही नाही.

तुमची मुलगी परदेशी आहे. हे मी म्हणत नाही, सरकार म्हणतं. गेल्या जूनपासून ती इथल्या एका मुलींच्या शाळेत भूगोल शिकवते, हे तिनं तुम्हाला कळवलं असेल. आता जागा कायम व्हायची आहे, तर शाळेच्या कमिटीनं विचारलं, जन्म कुठला? मडगावचा. मग बाई, तुम्ही पोर्तुगालच्या. पंधरा जूनच्या आत भारताच्या नागरिकत्वाचा दाखला आणा, नाहीतर जागा दुसरीला देऊ. घरी येऊन तिनं हे हसत हसत सांगितलं आणि मग मोरीवर जाऊन बराच वेळ एकच पातेलं घासत बसली. त्या शाळेवर तिचा किती जीव आहे ते मला त्या पातेल्यावरून कळलं.

तुमच्या जावयानं, आमच्या श्रीनिवासनं, कलेक्टर कचेरीतून अर्जाचा नमुना आणला. इंग्रजीत आहे. तो वाचतो, मी ऐकते. खरं सांगू का, मला असले कागद फार आवडतात. माणसानं इतक्या चौकशा केल्या तर आपण त्याला भोचक म्हणतो, सरकारनं केल्या की त्यांना रकाने म्हणतात.

अर्जाला जन्माचा दाखला जोडायचा आहे. तो तुमच्याकडे आहे किंवा तिकडच्या कचेरीतून तुम्हालाच काढता येईल. हेमानं तुम्हाला त्याबद्दल दोनदा लिहिलं. तुम्ही उत्तरात कळवलंत की मानकुराद आंब्याला मोहोर चांगला आहे आणि शेजारच्या शालूचं लग्न ठरलं. दाखल्याबद्दल एक अक्षर नाही. तेव्हा मी काय ते समजले. राग माझ्यावर आहे.

लग्नात ताम्हणातल्या तांदळांवर 'हेमा' असं नाव लिहिलं गेलं आणि भटजींनी ते मोठ्यानं वाचलं, तेव्हा मी तुमच्याकडेच बघत होते. तुम्ही हातातला पेढा तसाच ताटलीत ठेवलात. पंगतीला बसला नाहीत. तिसऱ्या प्रहरी बेळगावची गाडी धरलीत. त्यानंतर तुम्ही मला पत्र लिहिलं नाही, मी तुम्हाला लिहिलं नाही. पण विहीणबाई, सुनेचं नाव बदलायची आमच्याकडे रीत आहे, आणि तुमच्याकडेही आहे असं ऐकते. शिवाय माझ्या थोरल्या जाऊबाईंचं नाव श्यामला. एका घरात दोन श्यामला झाल्या तर हाक एकीला आणि ओ दुसरीची. माझंही माहेरचं नाव द्वारका होतं, ते बदललंच की. मी नाही रडले.

तिकडच्या टपालाचा भरवसा नाही म्हणून हे पत्र बेळगावला तुमच्या भाच्याकडे, श्यामसुंदरकडे, पाठवते आहे. तो येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाती तुमच्याकडे पोचवेल असं हेमा म्हणते.

दाखला तेवढा पाठवा. राग ठेवायचा असेल तर खुशाल ठेवा, तो अर्जाला जोडायचा नाही.

कुसुम उकिडवे


ता. ९ फेब्रुवारी १९५९

विहीणबाई,

उत्तर नाही. बरं.

मी मात्र गप्प बसणाऱ्यांतली नाही. अर्जात एक रकाना आहे, ओळख पटवणारी खूण. परवा हेमाला खिडकीशी उजेडात बसवलं आणि मी नि श्रीनिवास दोघं खूण शोधायला लागलो. डाव्या कोपरावर एक काळसर डाग सापडला. कशाचा म्हणून विचारलं तर म्हणाली, लहानपणी काजू भाजताना तेल उडालं, आणि आईनं सबंध दिवस मांडीवर घेऊन फुंकर घातली. दीड वर्ष ही मुलगी माझ्या घरात वावरते आहे, माझ्या ताटात वाढते आहे, आणि तिचं कोपर मी पाहिलेलं नव्हतं.

दुसरा रकाना, कोणकोणत्या भाषा येतात. मराठी, कोकणी, इंग्रजी, आणि थोडी पोर्तुगीज. मी म्हटलं, बोलून दाखव बघू. तर तिनं शाळेत पाठ केलेल्या पोर्तुगालच्या नद्या घडाघडा म्हणून दाखवल्या. त्या नद्या तिनं कधी पाहिल्या नाहीत, तिला शिकवणाऱ्या मास्तरनं पाहिल्या असतील की नाही कुणास ठाऊक. आता तीच पोरींकडून भीमा आणि नीरा पाठ करून घेते.

मग मला चटकच लागली. सरकारनं जे विचारलं नव्हतं तेही मी विचारलं. म्हटलं, इथे सोवळ्याच्या घरात तुला माशांची आठवण येते का गं? "येते," म्हणाली. एवढंच.

विहीणबाई, माझ्यावर रागावून तुम्ही तिची नोकरी घालवाल असं मला वाटत नाही. तुम्ही तशा दिसला नव्हतात. चार महिने उरले.

कुसुम


ता. ६ मार्च १९५९

विहीणबाई,

दाखला मिळाला! श्यामसुंदरनं रजिस्टर टपालानं पाठवला. सोबत तुमची दोन ओळींची चिठ्ठीही नाही, पण आज मी तक्रार करणार नाही.

काय कागद आहे हो! शिक्के तीन, त्यातला एक कागदातच उठवलेला, बोटानं चाचपून बघितला. आणि हस्ताक्षर असं की मुंग्यांचे पाय शाईत बुडवून कागदावर सोडले असावेत. श्रीनिवासला एक शब्द लागेना. हेमानं भिंग घेऊन आपलं नाव शोधून काढलं. आमच्या श्रीनिवासला ते पटेचना, कारण त्याची सुरुवात म्हणे इंग्रजी एक्सनं होते. पोर्तुगीज लोक 'श' साठी एक्स लिहितात असं हेमानं सांगितलं. इथल्या कारकुनापुढे ठेवलं तर तो 'झ्यामला' वाचील. तुमचं 'केंकरे' क्यू पासून सुरू होतं. मला इंग्रजी अक्षरं औषधाच्या बाटलीपुरती येतात, पण मीसुद्धा तासभर त्या कागदाशेजारून हलले नाही. बाळ जन्मलं की तिकडे कचेरीत कुणी जायचं असतं? किती दिवसांत? बाळाला घेऊन जावं लागतं का? नाव बारशाआधी सांगतात की नंतर? वेळ मिळेल तेव्हा लिहा.

उद्या कॅम्पात जायचं आहे. तिथे व्हायोलिन शिकवणारे एक वयस्क गोवेकर मास्तर आहेत, ते पोर्तुगीज वाचून इंग्रजी तर्जुमा करून देतात. तो कचेरीत चालतो. हेमाला शाळा आहे, म्हणून मी आणि श्रीनिवास जाणार.

पेढ्याचं मी विसरले. तुम्हीही विसरा.

कुसुम


(पोस्टकार्ड)
ता. ७ मार्च १९५९

दाखल्यात मुलीच्या बापाचं नाव 'सूर्या' आहे. लग्नपत्रिकेत 'कै. भास्कर अनंत केंकरे यांची कन्या' असं छापलं होतं. हे सूर्या कोण? उलट टपाली खुलासा व्हावा.

कु. उकिडवे


ता. २ एप्रिल १९५९

विहीणबाई,

तुमचं चार पानी पत्र मिळालं. मी ते आधी बसून वाचलं, मग उभं राहून वाचलं, मग श्रीनिवासला आणि हेमाला समोर बसवून मोठ्यानं वाचलं. हसू आवरेना आणि मध्येच आवाज लागेना, अशी माझी गत झाली.

मला आता सगळं डोळ्यांपुढे दिसतं. बाळंतपणाचे वीस दिवस झालेले, घरधनी तांदळासाठी सावंतवाडीला गेलेले, आणि नोंदीची मुदत संपत आलेली. शेजारणीला घेऊन तुम्ही कचेरीत गेलात, तर शिपायानं तिला पायरीवरच बसवलं. नाहीतर कुठलीही शेजारीण असल्या वेळी चटकन पुढं होऊन नाव सांगते. आत तुम्ही एकट्या. कारकुनानं मुलीचं नाव विचारलं, ते सांगितलंत. बापाचं विचारलं आणि तुमच्या तोंडाला कुलूप लागलं. नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं? तुम्ही खिडकीतून वर बोट दाखवलंत. तो म्हणाला, "सूर्या?" तुम्ही मान हलवलीत. तुम्हाला वाटलं, याला कळलं, आता हा त्याचा बरोबर 'भास्कर' करील. आपल्यातलं शेंबडं पोरही करील. पण त्या बिचाऱ्याच्या घरी कुणी नवऱ्याला असं कोड्यात सांगत नसेल. त्यानं ऐकलं तसं लिहिलं.

आणि तुमच्या यजमानांनी परत आल्यावर तो कागद वाचून काय म्हणावं! "राहू दे. मी रोज उगवतोय तोवर चालेल." मला हा माणूस भेटायला हवा होता. हेमा सहा वर्षांची असताना ते गेले, आणि मग तो कागद पेटीच्या तळाशी लपवण्यावाचून तुम्हाला गत्यंतर नव्हतं, हेही समजलं. मुलीच्या बापाचं नाव कागदावर वेगळं म्हटल्यावर लोक काय बोलतील, हे सांगायला नको. मुलीनं दाखला मागितला तेव्हा तुम्ही आंब्याच्या मोहोराचं लिहिलंत. अखेर पाठवलात तो मुकाट्यानं, आमच्यात कुणाला वाचता येऊ नये अशी आशा धरून.

लोक काय बोलतील ते मी प्रत्यक्षच दाखवलं. कॅम्पातून परत आल्यावर मी ते कार्ड लिहिलं. उघडं कार्ड. श्यामसुंदरनं वाचलं असणार, त्याच्या बायकोनं वाचलं असणार. पाकिटाला वेळ लागला नसता, पण मला दम नव्हता. आणि खरं तेच लिहायचं तर, त्या संध्याकाळी हेमाला ताक वाढताना माझा हात आखडला. एका नावासाठी मी तिच्या तोंडाकडे निरखून बघत होते, कुणाचा चेहरा सापडतो का म्हणून. तिला हे माहीत नाही. तुम्हाला सांगितलं. माझी चूक पदरात घ्या.

आता माझ्या रागाचं. म्हणजे तुमच्या रागाचं, जो मी दीड वर्ष मनात वागवत होते. तुम्ही लिहिता, पंगतीला थांबलात नाहीत कारण परवान्याची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती आणि सीमा ओलांडायची होती. नावाचं वाईट वाटलं, पण तेवढ्यासाठी कुणी लग्नातलं जेवण सोडतं का, असंही लिहिता. अहो, पुण्यात सोडतात.

आणि एक. जाऊबाईंचं कारण मी तुम्हाला खोटं सांगितलं. त्यांचं नाव श्यामला होतं खरं, पण त्या वारून अकरा वर्षं झाली. मला तिन्ही मुलगेच झाले. प्रत्येक खेपेला मुलगी होईल म्हणून मी 'हेमा' हे नाव ठेवून दिलं होतं. सून आली, तिला ते देऊन टाकलं. तिला विचारलं नाही, तुम्हाला विचारलं नाही. माझं द्वारकेचं कुसुम झालं तेव्हा मलाही कुणी विचारलं नव्हतं. आणि मी रडले होते. चांगली तीन दिवस रडले होते.

कोपराच्या डागाचं तुम्ही लिहिलंत की सबंध दिवस नव्हे, दोन दिवस. तशी दुरुस्ती हेमाला सांगितली.

कुसुम


ता. २० एप्रिल १९५९

विहीणबाई,

घाईत लिहिते. परवा मी, श्रीनिवास आणि हेमा कलेक्टर कचेरीत गेलो. साहेब मद्रासकडचे आहेत, सभ्य आहेत. सगळी हकिगत त्यांना कारकुनानं इंग्रजीत सांगितली. ते हसतील असं वाटलं होतं, हसले नाहीत. म्हणाले, मुलीच्या आईनं स्वतः येऊन मॅजिस्ट्रेटपुढे शपथेवर सांगावं की सूर्या आणि भास्कर हा एकच माणूस. मग अर्ज पुढं सरकेल.

हेमाच्या दोन नावांचं माझंही शपथपत्र झालं. त्यासाठी सरकारकडे एक झकास शब्द आहे, ऊर्फ. श्यामला ऊर्फ हेमा. साहेबांनी हेमाला विचारलं, आधी कुठलं घालू? तिनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, माझ्याकडे काय बघतेस, सरकार तुला विचारतंय. तेव्हा ती म्हणाली, "श्यामला." तसं लिहिलं. हा ऊर्फ आपल्या भटजींच्या पोथीत असता तर किती बरं झालं असतं.

तर तुम्ही यायचं. शिधा-सामान काही आणू नका. परवान्याचं श्यामसुंदर बघतो म्हणाला आहे. बेळगावपर्यंत तो पोचवील, पुढं गाडीत बसवून देईल, इथे श्रीनिवास स्टेशनवर येईल. मे महिन्याच्या वीस तारखेच्या आत व्हायला हवं, कारण पुढं अर्ज फिरायला वेळ लागतो.

अडचण एकच आहे. नाव तोंडानं सांगावं लागेल. मी कारकुनाला विचारलं, लिहून दिलं तर? तो म्हणाला, लिहिलेलं आहेच, त्याचाच तर घोळ आहे. मी विचारलं, उखाण्यात घेतलं तर चालेल का? त्यानं माझ्याकडे नुसतं पाहिलं.

पण विहीणबाई, त्यात काय एवढं? आता काळ बदलला. तोंड उघडायचं आणि म्हणून टाकायचं. मी तुमच्या शेजारी उभी राहीन.

आणि हो, तुम्ही इथे असाल तेव्हा श्यामलेला घेऊन एक दिवस कॅम्पात जेवून या. काय जेवलात ते मला सांगू नका.

कुसुम


ता. १४ जून १९५९

विहीणबाई,

दाखला काल आला. श्यामला ऊर्फ हेमा श्रीनिवास उकिडवे, भारताची नागरिक. आज सकाळी ती तो घेऊन हेडमिस्ट्रेसबाईंच्या घरी गेली, उद्यापर्यंत थांबवेना. बाईंनी वाचला, पाठीमागून बघितला, आणि कायमच्या नेमणुकीच्या कागदावर तिची सही घेतली. परत आली ती थेट मोरीकडे. मी म्हटलं, आज पातेलं राहू दे.

तुम्ही तिकडे पोचल्याचं श्यामसुंदरनं कळवलं. इथले चार दिवस कसे गेले ते तुम्हाला ठाऊक आहेच. पण मॅजिस्ट्रेटच्या खोलीत तुमची माझ्याकडे पाठ होती, तेव्हा मागे काय झालं ते तुम्हाला दिसलं नाही. ते सांगण्यासाठी हे पत्र.

त्यांनी विचारलं, "पतीचं नाव?" पुन्हा विचारलं. तुमचा उजवा हात वर जायला लागला आणि मी म्हटलं, या आता परत खिडकीकडे बोट दाखवणार. त्या खोलीला खिडकी भिंतीच्या पार वर होती हे नशीब. कारकून म्हणाला, "बाई, तेवीस वर्षांपूर्वी बोट दाखवलंत म्हणून आज इथे आलात. तोंडानं सांगा." मला त्याचा राग आला, पण बोलला ते खोटं नव्हतं.

मग तुम्ही पदर सारखा केलात आणि म्हणालात, "भास्कर." पहिल्यांदा नुसतेच ओठ हलले असणार, कारण त्यांनी मोठ्यानं सांगा म्हटलं. मग म्हणालात, "भास्कर अनंत केंकरे."

श्यामला माझ्याजवळ उभी होती. तिनं माझा दंड धरला, असा की नंतर बोटं उमटलेली दिसली. बापाचं नाव तिनं शाळेत लिहिलं असेल, पत्रिकेत वाचलं असेल. तुमच्या तोंडून तिनं ते जन्मात ऐकलं नव्हतं. मॅजिस्ट्रेट सही करायला लागले आणि ही कोकणीत काहीतरी म्हणाली. तुम्ही मागे वळलात. मी नंतर तिला विचारलं, काय गं म्हणालीस? तर म्हणाली, "आई, परत एकदा म्हण, असं म्हटलं."

कारकून म्हणाला, "झालं बाई, एकदा पुरे असतं." पण तुम्ही परत म्हणालात. ते काही सरकारसाठी नव्हतं. मी कोकणीचा एक शब्द न कळता रडले, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

तुम्हाला गाडीत बसवून मी घरी आले. डोक्यात एकच, की त्यात काय एवढं, असं मी या बाईला लिहिलं होतं. चौतीस वर्षांच्या संसारात मी स्वतः किती वेळा घेतलंय? मंगळागौरीला उखाण्यात, तेही पोरींनी दार अडवलं म्हणून. ओसरीवर हे पेपर वाचत बसले होते. श्रीनिवास आणि श्यामला अजून मागून येत होती, घरात दुसरं कुणी नव्हतं. मी माजघराच्या दारात उभी राहिले. तोंड उघडलं आणि मिटलं. दोनदा असं झालं. तिसऱ्यांदा म्हणून टाकलं.

"यज्ञेश्वर."

त्यांनी पेपर खाली घेतला आणि रस्त्याच्या दाराकडे बघायला लागले.

"अगं, बघ जरा कोण आलंय. मला कुणीतरी हाक मारली."

"मीच मारली," मी म्हटलं.

तुमची
कुसुम